पिस्तुलाचे माप आणि काडतुसाचा हिशेब



घोडा विकत घेणारा मनुष्य व्यवहारी असेल तर तो घोड्याच्या किमतीबरोबर चंदीचाही भाव विचारतो. किंमत एकदाच मोजावी लागते. चंदी मात्र रोज लागते. पिस्तुलाचेही तसेच आहे. शस्त्र एकदा घेतले म्हणजे ते नीट राखल्यास एक पिढी टिकते. काडतूस उडाले की संपले, आणि काडतुसे उडविल्यावाचून नेमबाजीची विद्या हस्तगत होत नाही. यास्तव पिस्तूल कोणत्या मापाचे घ्यावे, हा प्रश्न वरवर शस्त्राचा दिसला तरी मुळात तो काडतुसाचा व त्याच्या उपयोगाचा आहे. आज त्याचाच थोडा विचार आपण करू.

हा विषय गृहस्थाश्रमी मंडळींना परका वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या काही वर्षांत परिस्थिती पालटली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथे पंचवीस मीटर पिस्तुलाच्या प्रकारात विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले आणि २०१८ साली त्याच प्रकारात आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी रायफलच्या नेमबाजीत कांस्यपदक पटकावले, आणि त्याच स्पर्धेत मनू भाकर यांना पिस्तुलाची दोन कांस्यपदके मिळाली. तेव्हापासून एखादी शाळकरी मुलगी जेवतांना “मला पिस्तूल शिकायचे आहे” असे सहज म्हणते, आणि आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. दुसरीकडे एखाद्या घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांच्या मनात परवाना काढून रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे घोळत असते. दोघांनाही दुकानदार प्रथम एकच गोष्ट विचारतो : “कोणत्या बोअरचे?”

हे बोअर अथवा कॅलिबर म्हणजे काय? नळीच्या आतील व्यासाचे ते माप होय. इंग्रजी पद्धतीत ते इंचाच्या दशांशांत व युरोपीय पद्धतीत मिलिमीटरमध्ये सांगतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलाचे माप साडेचार मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच. त्यानंतर .२२ इंच, म्हणजे ५.६ मिलिमीटर. पुढे .३२, म्हणजे ढोबळ मानाने आठ मिलिमीटर. त्यापुढे लष्कर व पोलीस यांच्या परिचयाचे नऊ मिलिमीटर. येथे एक सावधगिरीची सूचना देतो. आकडा एक म्हणून काडतूस एकच, असे समजू नये. भारतात तयार होणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरला लांब, कडेचे काडतूस लागते. ते अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८९६ साली प्रचारात आणले. ‘अशनी’ नावाच्या भारतीय बनावटीच्या .३२ पिस्तुलाला मात्र १८९९ सालचे, ब्राउनिंग यांच्या रचनेचे आखूड काडतूस लागते. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरावयाचे नसते. म्हणून केवळ आकडा न पाहता काडतुसाचे पूर्ण नाव पाहावे.

आता किमतीत एवढे अंतर का पडते ते पाहू. हवाई पिस्तुलाचा छर्रा म्हणजे शिशाचा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा लहानसा तुकडा. त्यात दारू नाही, पुंगळी नाही, ठिणगी पाडणारी टोपी नाही. त्याला ढकलणारी हवा नळकांड्यात भरून ठेवलेली असते, आणि हवेला मोल नाही. असे पाचशे छर्रे एका लहानशा डबीत मावतात.

.२२ च्या काडतुसात दारू आली, तरी त्याची रचना साधी आहे. पातळ पत्र्याची एकसंध पुंगळी, तिच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेले पेट घेणारे मिश्रण, चिमूटभर दारू आणि वर अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची गोळी. चाप ओढताच घोड्याचे टोक त्या कडेवर आदळते व स्फोट होतो. या जातीला ‘रिमफायर’, म्हणजे कडेवर पेटणारे काडतूस, म्हणतात. आज सर्वत्र वापरले जाणारे ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ साली निघाले. त्याचा साचा इतका सोपा व खप इतका मोठा आहे की, दारूच्या काडतुसांत जगभर तेच सर्वांत स्वस्त पडते.

.३२ पासून पुढे ‘सेंटरफायर’ जातीची काडतुसे लागतात. यांच्या बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपी बसवावी लागते. दाब अधिक, म्हणून पुंगळी जाड व चांगल्या पितळेची करावी लागते. शिसे अधिक, दारू अधिक. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारणपणे सहा-साडेसहा ग्रॅम वजनाची असते, म्हणजे .२२ च्या गोळीच्या अडीचपट. परदेशांत पुष्कळ नेमबाज जाड पुंगळी जपून ठेवतात, तीत नवी टोपी, दारू व गोळी घालून घरच्या घरी काडतूस पुन्हा तयार करतात आणि खर्च वाचवितात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. त्यामुळे आपल्या गृहस्थाला प्रत्येक काडतूस विकतच घ्यावे लागते.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर दुसरी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडे मापाची निवड मोकळ्या बाजारासारखी नाही. .३०३ व ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी रायफली, तसेच .३८०, .४५५ आणि लष्करी नऊ मिलिमीटरची काडतुसे ज्यांत बसतील अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे नियमांनी निषिद्ध वर्गात घातली आहेत. सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ती मिळत नाहीत. ही दृष्टी ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली आहे. सैन्याच्या काडतुसांना पाय फुटले तरी ती खाजगी शस्त्रांत बसू नयेत, हा त्यामागचा हेतू. याच धोरणापायी १९०७ साली .४५० मापाच्या दारूगोळ्याला हिंदुस्थानात मज्जाव झाला, आणि इंग्लंडमधील बंदूक बनविणाऱ्यांना वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढावी लागली. एका सरकारी आज्ञेने शिकारी बंदुकांच्या मापांचे एक नवे घराणेच जन्माला आले!

आपल्या देशातील .३२ ची प्रतिष्ठाही काही अंशी याच कुंपणातून उत्पन्न झाली आहे. मोठी मापे बंद असल्याने नागरिकांसाठी कानपूरच्या सरकारी कारखान्याने .३२ चे रिव्हॉल्व्हर तयार केले, आणि त्याची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होऊ लागली. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकीचा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे गेला. तिचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे.

आता उपयोगाकडे वळू. पिस्तुलाचा उपयोग शहरातील सुशिक्षित कुटुंबाला दोनच प्रकारांनी संभवतो : खेळ म्हणून, अथवा स्वसंरक्षणाच्या कल्पनेने. या दोहोंची गणिते भिन्न आहेत.

प्रथम खेळ घेऊ. ऑलिंपिकमध्ये आज पिस्तुलाचे जेवढे प्रकार आहेत, ते सर्व केवळ दोन मापांत खेळले जातात. दहा मीटरवरील हवाई पिस्तूल साडेचार मिलिमीटरचे असते. स्त्रियांचे पंचवीस मीटर पिस्तूल व पुरुषांचे पंचवीस मीटर शीघ्र पिस्तूल, ही दोन्ही .२२ ची. याहून मोठ्या मापाचे, .३० ते .३८ पर्यंतचे, सेंटर-फायर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये नाही. मात्र इतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याला मान आहे, आणि त्यात आपल्या लोकांनी नावही काढले आहे. मुंबईचे अशोक पंडित यांनी १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकाराचे सुवर्णपदक मिळविले. जसपाल राणा यांनी २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत सहाशेपैकी पाचशे नव्वद गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. गंमत अशी की, या प्रकारात जगातील निष्णात नेमबाज ज्या काडतुसाला विशेष पसंती देतात, ते १८९६ सालचे .३२ चे लांब काडतूसच होय. धक्का मृदू आणि नेम अचूक, हे त्याचे गुण. आपण ज्याला केवळ संरक्षणाचे काडतूस समजतो, ते इतरत्र कागदी लक्ष्य भेदण्यासाठी नावाजलेले आहे.

तेव्हा ऑलिंपिकच्या ध्येयाने निघालेल्या मुलामुलींना मोठ्या मापाची गरजच पडत नाही. उलट, लहान माप गुरूप्रमाणे कठोर असते. दहा मीटरवरील हवाई पिस्तुलाच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. हाताच्या करंगळीचे नखही त्याच्या आसपासच भरेल. छर्रा नळीतून सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने निघतो, म्हणजे .२२ च्या गोळीच्या निम्म्या वेगाने. तो नळीत अधिक काळ रेंगाळतो, आणि तेवढ्या काळात हात किंचित हलला तरी छर्रा वर्तुळ सोडतो. मोठा आवाज नाही, धक्का नाही. त्यामुळे दोष शस्त्रावर ढकलता येत नाही. श्वास, मनगट व चाप ओढणारे बोट यांची शिस्त येथे लागते, आणि ती पुढे कोणत्याही मापाला उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. समजा, एखादी विद्यार्थिनी आठवड्यातून चार दिवस सराव करते व दर दिवशी एका स्पर्धेइतके, म्हणजे साठ नेम मारते. वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे धरले, तर साठ गुणिले चार गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे ११,५२० नेम झाले. हिशेबापुरता छर्ऱ्याचा भाव दोन रुपये, .२२ च्या काडतुसाचा वीस रुपये व .३२ च्या काडतुसाचा शंभर रुपये धरू. दुकानात विचारून हे आकडे आपण बदलून घ्यावेत; रीत तीच राहील. छर्ऱ्यांचा वर्षाचा खर्च २३,०४० रुपये येतो. .२२ चा २,३०,४०० रुपये. आणि .३२ चा ११,५२,००० रुपये! हात तोच, साठ नेम तेच, शिकवणारा गुरूही तोच. केवळ माप बदलले आणि शिकवणीच्या खर्चाची रक्कम सदनिकेच्या हप्त्यांच्या पंक्तीला जाऊन बसली.

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे अर्धा किलोग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये होती. या किमतीची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. परंतु आपल्या कल्पित भावाने दिवसाला साठ काडतुसे उडविली, तर एकवीस दिवसांतच काडतुसांचा खर्च शस्त्राच्या त्या किमतीला मागे टाकतो. किंमत ऐकून दचकणारा गृहस्थ काडतुसांचा भाव मात्र विचारीत नाही, हे आश्चर्य होय.

यावर कोणी म्हणेल, “आम्हांला पदके नकोत, घराच्या रक्षणापुरते एक शस्त्र असले म्हणजे झाले. सरावाचा एवढा खटाटोप कशाला?” हा आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडील अनेक परवानाधारक याच समजुतीत असतात. मापाचे बळ किती, ते प्रथम पाहू. स्पर्धेच्या हवाई पिस्तुलाच्या छर्ऱ्यात पाच-सहा ज्यूल ऊर्जा असते. .२२ च्या गोळीत शंभराच्या वर, .३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीत पावणेदोनशेच्या आसपास, आणि नऊ मिलिमीटरच्या गोळीत पाचशेच्या घरात. हे आकडे पाहून मनुष्य मोठ्या मापाचा हट्ट धरतो. परंतु ही ऊर्जा लक्ष्यावर पोहोचली तरच तिचा उपयोग. चुकली तर तीच ऊर्जा शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाते. .२२ ची गोळीसुद्धा मैलभर अंतरापर्यंत धोकादायक असते. शेजारी भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्या उपनगरांत हे क्षणभरही विसरून चालणार नाही.

रिव्हॉल्व्हर घेतले, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत थोडी काडतुसे आणली, आणि ती महाग म्हणून कपाटात जपून ठेवली, असा प्रकार घरोघरी आढळतो. वर्षामागून वर्षे जातात. ज्या हाताने शांत दिवशी पन्नास गोळ्याही झाडलेल्या नाहीत, तो हात भीतीच्या क्षणी, अंधारात, माणसे ओरडत असतांना नेम साधील, ही आशा कशाच्या बळावर धरावयाची? येथे मुंबईचेच एक दुःखद उदाहरण आहे. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीची तपासणी केली, तेव्हा दारूगोळ्याच्या टंचाईमुळे शीघ्र प्रतिसाद दलाचा गोळीबाराचा सराव हल्ल्यापूर्वी बराच काळ बंद होता, ही गोष्ट पुढे आली. पोलिसांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या रात्री त्यांनी प्राण वेचले. परंतु काडतुसे नसली म्हणजे शिकलेल्या हातालाही सराव मिळत नाही, हे त्यातून दिसते. जे सरकारी दलाच्या बाबतीत घडते, ते काटकसरी गृहस्थाच्या बाबतीत घडल्यास नवल नाही.

म्हणून संरक्षणाच्या हेतूने शस्त्र घेऊ पाहणाऱ्याने स्वतःला आधी असे विचारावे : या मापाची काडतुसे वर्षभर नियमाने झाडण्याची माझी ऐपत आहे काय, ती मिळण्याची परवानगी आहे काय, आणि झाडण्यासाठी मान्य मैदान जवळ आहे काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी नसेल, तर ते शस्त्र रक्षणाचे साधन होण्याऐवजी घरातील एक कायमची काळजी होऊन बसेल. त्याला कुलूप हवे, काडतुसे वेगळी हवीत, मुलांवर नजर हवी. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने पाच वर्षांची झाली आहे, तेव्हा नूतनीकरणाची आठवणही ठेवली पाहिजे. दाराची मजबूत कडी आणि जागा शेजार पुष्कळ वेळा याहून अधिक कामाला येतात.

खेळाच्या इच्छेने निघालेल्यांसाठी मार्ग पुष्कळ सुकर आहे. उदाहरणार्थ, कांजूरमार्गला राहणारे एखादे कुटुंब घेऊ. दारूच्या शस्त्राचा सराव मैदानावरच करता येतो. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे. अंजली भागवत यांच्यासारख्या ऑलिंपिकपटूने तेथेच धडे गिरविले. परंतु कांजूरमार्गाहून धीम्या लोकलने दादर गाठावयाचे व पुढे वरळी, आणि शाळा सांभाळून आठवड्यातून चार वेळा, हे सोपे नव्हे. प्रवासात जाणारा वेळ हाही काडतुसाच्या किमतीतच धरला पाहिजे. हवाई पिस्तुलाला मात्र दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट लांबीची बंदिस्त व सुरक्षित जागा पुरते. एखाद्या शाळेच्या अथवा संस्थेच्या दालनातही ती निघू शकते. शिवाय साडेचार मिलिमीटरचे, वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचे हवाई शस्त्र बाळगण्यास परवाना लागत नाही. विकत घेतांना ओळखीचे कागद मात्र द्यावे लागतात. .२२ पासून पुढे परवाना आलाच. सामान्य परवाना एकवीस वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही. लहान वयाच्या खेळाडूंसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, तिची माहिती संघटनेकडून घ्यावी.

घरी करण्याजोगा सर्वांत स्वस्त सराव तर एकही छर्रा न उडविता होतो. शस्त्र रिकामे आहे याची दोनदा खात्री करून घ्यावी, कोऱ्या भिंतीकडे तोंड करावे, हात उचलावा, दृष्टी पुढच्या माशीवर स्थिर करावी आणि माशी न हलविता चाप ओढावा. मोठमोठे नेमबाजही हा कोरडा सराव रोज करतात. त्याला ना छर्रा लागतो, ना लोकल. मैदानावर प्रत्यक्ष नेम मारतांना मात्र डोळ्यांना चष्मा असावा, आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज खाण्यास बसू नये.

तात्पर्य, क्रम असा असावा. आरंभी दोन वर्षे तरी साडेचार मिलिमीटरवर काढावीत, तेही शक्यतो संस्थेचे पिस्तूल वापरून. मुलीचे मन रमले, गुण वाढू लागले आणि गुरूने अनुमती दिली म्हणजे .२२ कडे वळावे, व त्या वेळी वर्षाच्या काडतुसांची तरतूद आधी करून मगच शस्त्राची किंमत मोजावी. पंचवीस मीटरवर साठ नेम .२२ ने सहज साधू लागल्यावर ज्याला सेंटर-फायरची हौस व ऐपत असेल, त्याने .३२ हाती घ्यावे. तोपर्यंत त्याची प्रत्येक महागडी गोळी काहीतरी शिकवून जाईल. हा क्रम उलटा करून जो .३२ पासून आरंभ करतो, तो पहिल्याच महिन्यात काडतुसे मोजू लागतो, आणि काडतुसे मोजणाऱ्याचे लक्ष नेमावर राहत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहून न्याव्यात : हे शस्त्र कशासाठी, आणि वर्षाला किती नेम. या दोन ओळींची उत्तरे स्पष्ट असली म्हणजे मापाचा निर्णय बहुधा आपोआप लागतो.